पेटीपासून पियानोपर्यंत: आमची वाटचाल

माझे वडील औशाजवळच्या आमच्या गावी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. लातुरात पियानोचा क्लास काढतेय म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पेटीच ना, वायरची?"

फारसं चुकलं नव्हतं त्यांचं. पियानो नव्हताच, 61 पट्ट्यांचे चार कीबोर्ड, हेडफोन आणि भाड्याची पत्र्याची खोली. एकेकाला वेगळं शिकवायची फी पालकांना झेपणारी नव्हती. लातूर पडलं ट्यूशनचं गाव, 'बॅच' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. म्हणून बॅच घेतल्या.

दुसऱ्याच वर्षी, 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. घरोघरी घागरी मोजल्या जात असताना फी मागायला जीभ रेटेना. ते चार महिने आमच्या ह्यांच्या पगारावर निघाले.

पुढे हौसेने जुना उभा पियानो आणला. 88 पट्ट्या, आत दोनशेच्या वर तारा. आमच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसलं, सूर उतरले. ट्यूनर पुण्याहून यायचा. कामापेक्षा त्याच्या प्रवासाचाच खर्च जास्त. वर्षभरात विकला आणि जड पट्ट्यांचे सहा डिजिटल पियानो हप्त्यांवर घेतले. सोबत इन्व्हर्टर, नाहीतर लाइट गेली की सगळा क्लास मुका.

इथल्या मुलांना 'सी' हा सूर सांगितला तर ती बघत बसतात, त्यालाच पेटीवाल्यांसारखं 'पांढरी एक' म्हटलं की बोट बरोबर जागी जातं. अडतं ते डाव्या हाताशी. पेटीवर तो भाता हलवतो, सूर उजव्याचे. त्यामुळे पेटीच्या घरातलं मूल पियानोवर डावा हात मांडीवर ठेवून बसतं. ह्यावर औषध बॅचमध्येच सापडलं. आधी दहा मिनिटं हेडफोन लावून ज्याचं त्याने वाजवायचं. मग हेडफोन काढायचे: तिघांनी उजव्या हाताची चाल धरायची, तिघांनी फक्त डाव्या हाताने सा-ग-प, नंतर अदलाबदल. घरी एकटं मूल चुकलं की थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. इथे बाकीचे पाच थांबत नाहीत, पुढच्या समेला त्यांना गाठावंच लागतं. पुढे असलेल्या मुलाला मी मुद्दाम डावा हात देते, कंटाळा पळतो. एकदा लोभाने आठ जण बसवले होते. कुणाचं मनगट खाली पडलंय तेच दिसेना. तेव्हापासून सहाच.

नववी संपली की मुलं गळतात, नीटची ट्यूशन लागते. पालक विचारतात, "मॅडम, ह्याचे मार्क मिळतात का?" आता मी हसून चहा विचारते.

मागच्या दिवाळीत बाबा क्लासमध्ये आले आणि सरळ पियानोपुढे बसले. उजव्या हाताने अभंगाची चाल लख्ख निघाली, डावा हात मात्र मागे भाता चाचपत होता. सहाही मुलं खिदळली. शनिवारच्या बॅचमध्ये आता त्यांचं नाव आहे. फी बाकी आहे.