नाणेघाट ते ढाकोबा: ती मळलेली वाट कुठे आहे?

"जीवधन ते ढाकोबा चार तास, मळलेली वाट, चुकायचा प्रश्नच नाही." जुन्नरजवळच्या जीवधन किल्ल्यापासून ढाकोबा डोंगरापर्यंतच्या वाटेबद्दल हे ज्याने लिहिलं त्याला एकदा डिसेंबरात तिथल्या कारवीच्या झुडपांत दोन लिटर पाण्यावर सोडून यावं, एवढीच इच्छा आहे. आम्हाला नऊ तास लागले. आम्ही तिघंही नेहमी डोंगरात जाणारे, पाठीवर मोजकंच सामान, तरीही नऊ तास.

सुरुवात चांगली झाली. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, कंडक्टरला आधीच सांगून वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरायचं. अडीच तासांत वर. ही वाट मात्र खरंच मळलेली आहे, सातवाहनांपासून मळलेली. माथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेत. राजघराण्याच्या पुतळ्यांची फक्त पावलं उरलीत, वर नावं शाबूत. माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. त्यात जकात टाकायचे असं सांगतात. जकातीवर पुढे बोलूच.

मुक्काम घाटघर गावात, एका घरी. पिठलं-भाकरी, झोप.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीवधन. 1818 मध्ये इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे कल्याण दरवाजाच्या वाटेवर एक उभा कातळटप्पा चढावा लागतो. खोबण्या आहेत, कातळ कोरडा असेल तर जमतं. तरी दोर न्या. पावसाळ्यात या बाजूने जाऊ नका, मुद्दा संपला. दरवाजा दोन कड्यांच्या बेचक्यात असा दडलाय की अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. वर धान्यकोठार आणि टाकी, कड्याच्या टोकावरून समोर वानरलिंगीचा सुळका. गड खाली उतरेपर्यंत नऊ वाजले, आणि इथून आमचे ग्रह फिरले.

ढाकोबा दक्षिणेला. दिशा डोळ्यांना दिसते, वाट दिसत नाही. दिसतात त्या ढोरवाटा. गुरं चरायला जातात तिथे त्या जातात, आणि गुरांना ढाकोब्याला जायचं नसतं! मोबाईलवर कुणीतरी टाकलेला ट्रॅक होता. त्याच्या भरवशावर उजवीकडच्या झाडीत शिरलो. डोक्यावरून जाणारी वाळकी कारवी, हाताला ओरखडे, घामात कुसळं. अर्ध्या तासाने वाट मोकळी झाली, पायाखाली वाळलेलं शेण होतं, म्हणून हायसं वाटलं. पुढच्या दहा पावलांवर कोकण. खाली साताठशे मीटर सरळ हवा. मोबाईलवरची निळी रेघ मात्र शांतपणे कड्याबाहेर चालली होती.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुम्हीही इथेच फसाल. सह्याद्रीचा कडा म्हणजे लाव्हाच्या थरांची उतरंड. कठीण थराचा उभा कातळ, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कातळ. वरून बघताना एका पदरातली झाडी खालच्या पदराला चिकटलेली दिसते, मधला कातळ डोळ्याला लागतच नाही. वाटतं, उतरलं की झालं. आमच्यातला एक उतरायला निघालाही होता. त्याच्या सॅकचा पट्टा धरून मागे ओढला. नंतर दोन तास तो माझ्याशी बोलला नाही.

मग एकच नियम केला: कोकण उजव्या हाताला, पण कड्यापासून लांब, आणि आडवा ओढा आला की घळीत न उतरता वरच्या अंगाने वळसा. ओढे किती लागले ते मोजायचं सोडून दिलं. पाणी तीन वाजता संपलं. एका ओढ्यातल्या डबक्यात पानं कुजलेली होती, ते रुमालाने गाळून उकळून प्यायलो. माणशी चार लिटर घ्या, आणि घाटघरमधूनच वाटाड्या घ्या. आम्ही त्याचे पैसे वाचवायला गेलो होतो.

ढाकोब्याचं देऊळ दिसलं तेव्हा सूर्य टेकला होता. माथ्यावर गेलो. दऱ्याघाटाच्या बाजूचा कडा असा तुटलाय की पोटात खड्डा पडतो. खरं सांगू? त्या दहा मिनिटांसाठी मी हे सगळं पुन्हा करेन. पण हे माझं मत, गुडघ्याचं नाही.

बॅटरीच्या उजेडात आंबोलीला उतरलो. हे जुन्नरचं आंबोली, सिंधुदुर्गातलं नव्हे. एसटी कधीच गेली होती. एकुलती एक जीप, चालक जुन्नरपर्यंत 3500 म्हणाला. घासाघीस करून 2800. सातवाहन तरी रांजणात टाकायला सांगायचे, इथे हातात मोजून द्यावे लागले. उशीर होणार हे धरूनच चला: जुन्नरहून आधी भाव ठरवून गाडी सांगून ठेवा, आणि चालकाला वेळ सांगताना आमच्यासारखं "दुपारी तीनपर्यंत पोहोचतो" म्हणू नका, रात्री आठ म्हणा.