शिवाचं घराट

मणिमहेशला जायचं ठरलं ते ताईमुळे. आषाढीची वारी तिनं सलग अकरा वर्षं केलेली. बाराव्या वर्षी वाखरीच्या तळावर कुणीतरी तिला सांगितलं, की हिमाचलात उंचावर एक तळं आहे, लोक तिथेही असेच चालत जातात, आणि तिथल्या महादेवाला देऊळच नाही. "म्हणजे रांग नसणार," ताई म्हणाली, आणि घरी आल्या आल्या तिनं माझ्याकडून सगळी माहिती काढून घेतली.

रांग नसते हे खरं. पण तारखा असतात. ही यात्रा जन्माष्टमीला सुरू होते आणि राधाष्टमीला संपते. पहिल्या स्नानाला तिकडे छोटा न्हौण म्हणतात, शेवटच्याला बडा न्हौण. न्हौण म्हणजे आपलं न्हाणंच. हा शब्द ऐकल्यावर ताईला हिमाचल एकदम शेजारच्या तालुक्यात आल्यासारखं वाटलं. २०२४ साली जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती आणि राधाष्टमी ११ सप्टेंबरला. आमच्या घरी ७ तारखेला गणपती बसणार होते, मागोमाग गौरी. तेव्हा दोन्ही न्हौणांच्या मधले दिवस धरले. मी, ताई आणि दाजी. दाजी एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांना चालायची हौस शून्य, पण घाट बघायची भारी हौस.

त्यांची हौस पठाणकोटच्या पुढे पुरेपूर भागली. चंब्यापासून भरमौर साठेक किलोमीटर, बराचसा रस्ता रावीच्या काठानं डोंगर कापून काढलेला. समोरून गाडी आली की कुणीतरी एकानं मागे जायचं, आणि मागे म्हणजे दरीच्या बाजूला. दाजी ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक वळणाला मान हलवत होते, गवयाला दाद द्यावी तशी. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, याच भागात पावसानं रस्ते तुटले, यात्रा थांबवावी लागली आणि हजारो यात्रेकरू भरमौरकडे अडकून पडले. त्या बातम्या बघताना दाजी एवढंच म्हणाले, "त्या डोंगराला दोष नाही. तो घसरणारच. आपण त्याच्या अंगावरनं जातोय."

भरमौर हे जुनं ब्रह्मपूर, चंबा राज्याची पहिली राजधानी. गावाच्या मधोमध चौरासी नावाचं मोठं पटांगण आहे आणि त्यात लहानमोठ्या मंदिरांची दाटी. मणिमहेशाच्या उंच शिखर असलेल्या मंदिरापुढे पितळेचा जवळजवळ खऱ्या बैलाएवढा नंदी उभा आहे. उभा, बसलेला नव्हे. पण मला धरून ठेवलं ते लक्षणादेवीच्या लाकडी देवळानं. बाहेरून साधं, उतरत्या छपराचं घर वाटावं. दारावरचं कोरीव काम मात्र सातव्या शतकातलं. मेरुवर्मन राजानं हे घडवून घेतलं आणि मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचं, गुग्गाचं, नाव लेखात कोरलेलं आहे. राजाचं नाव राहतंच, कारागिराचं राहिलं याचं मला फार बरं वाटलं.

तिथला नेम असा, की आधी गावाच्या वर भरमाणी देवीला जायचं, तिच्या कुंडात स्नान करायचं, मग मणिमहेश. नाहीतर यात्रा फळत नाही म्हणतात. ताईला हे लगेच पटलं. पुंडलिकाला चुकवून कुणी विठ्ठलाकडे जातं का? दाजींनी मात्र कुंडातलं पाणी बोटानं तपासलं, बोट तोंडात घालून गरम केलं आणि पाच शिंतोड्यांत देवीला राजी केलं.

चाल सुरू होते हडसरपासून. तेरा किलोमीटर. आकडा ऐकून ताई हसली, सासवड-जेजुरीसुद्धा याहून जास्त आहे. तिची चूक झाली, आणि खरं तर माझीही, कारण हिशेब करायचं काम माझं होतं. सिंहगड पायथ्यापासून चढावा, त्यावर दुसरा सिंहगड आणि त्याच्यावर तिसरा, असा तो चढ आहे. तळं ४,०८० मीटरवर. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही तेवढंच असतं, पण हवाच विरळ. दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हेही मी वाचलं होतं. वाचलं होतं, आणि गणपती ७ तारखेला होते.

वाटेत पहिल्या दिवशी खूप माणसं भेटली. "जय भोले" म्हणत जाणारी पंजाबी पोरं, कांगड्याच्या बायका, पाठीवर पोर बांधलेले बाप. प्रत्येक "जय भोले"ला ताई "रामकृष्णहरी" म्हणायची, आणि गंमत म्हणजे एकालाही ते वेगळं वाटलं नाही. चहाच्या टपरीवर कळलं, की जम्मूकडच्या भद्रवाहहून छड्या घेऊन अनवाणी चालत येणारे लोक छोट्या न्हौणाला येऊन गेले. कित्येक दिवस चालतात ते. ताईनं त्यांची इतकी चौकशी केली, की टपरीवाल्यानं विचारलं, तुमच्या गावचे आहेत का कुणी?

ऊन-पाऊस एकत्र होता. गुईनाल्याच्या पुढे चिखल, खेचरांची लीद आणि ओले दगड यांचा जो काला झालेला असतो, त्यात काठीशिवाय उभं राहणं कठीण. धनछोला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. समोर धबधबा. भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव इथे लपले म्हणतात. लंगरमध्ये राजमा-भात, कढी आणि हातात मावणार नाही एवढा चहाचा पेला. आम्ही सोलापूरची शेंगाचटणी बाहेर काढली. वाढणाऱ्या पोरानं ती चाखली आणि पाणी प्यायला धावला.

धनछोच्या पुढच्या चढावर ती जागा आहे. शिवाचं घराट. घराट म्हणजे तिकडची पाणचक्की, ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं जातं. इथे डोंगराला कान दिला की आत जातं फिरल्याची घरघर ऐकू येते, अशी श्रद्धा. जुन्या मराठीत मोठ्या जात्याला घरट म्हणतात, हे मी ताईला सांगितलं, आणि तिला तर निमित्तच मिळालं. "अगं, जनाबाईला दळू लागायचा तो. इकडे महादेव स्वतः दळतोय. दोघांना एकच काम!" तिनं पदर बाजूला करून खडकाला कान लावला. मीही लावला. मागे लंगरचा भोंगा जोरात चालू होता, समोरून खेचरांची घंटा, शिवाय ओढा. माझ्या कानात माझंच रक्त धडधडत होतं. ताई बराच वेळ थांबली आणि मग काही न बोलता चालू लागली.

दाजी त्या जागेपाशी थांबलेच नव्हते. ते पुढे निघून गेले होते आणि ते गप्प होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ज्या माणसानं तीस वर्षं घाटात लोकांच्या उलट्या खिडकीबाहेर पोचतील अशी गाडी हाकली, तो सुंदरासीला एका दगडाआड वाकून उभा होता. डोकं फुटतंय म्हणाले. चालताना तोल जात होता. वैद्यकीय तंबूत रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला यंत्र लावलं, तर आकडा ७१ टक्के. डॉक्टरनं प्राणवायू लावला आणि हातानंच खाली दाखवलं. औषध एकच, उतरणं. दाजी म्हणाले, "ठीक. रिव्हर्स."

आता कोण जाणार त्यांच्याबरोबर? ताई म्हणाली मी. मी म्हटलं मी. दाजी म्हणाले, दोघींपैकी एक जरी खाली आली तरी मी वर चालायला लागेन. शेवटी एक खेचर केलं, आणि खाली उतरणारी कांगड्याची दोन पोरं धनछोपर्यंत सोबत जायला तयार झाली. ती पोरं भली निघाली म्हणून हे आज सांगता येतंय. पण आम्ही तेव्हा चुकलो, असंच मला वाटतं. उंचीचा त्रास झालेल्या माणसाला घरच्या माणसाशिवाय खाली पाठवू नये. ताई याबद्दल अजून बोलत नाही.

त्यापुढची वाट मला नीट आठवत नाही. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. गौरीकुंडाशी बायका स्नान करतात, पुरुषांसाठी शिवकरोत्री वेगळी. कुंडाभोवती पडदे, आतून किंकाळ्या आणि हसणं. पाणी इतकं गार, की पहिल्या तांब्याला अंगावर काटा येत नाही, काहीच येत नाही. अंग कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं. ताईनं छोट्या बाटलीत ते पाणी भरून घेतलं, घरच्या गौरींसाठी. वर हेलिकॉप्टर घरघरत आलं आणि जवळच उतरलं. त्यातून उतरलेल्या एका आजी आमच्याकडे बघून हात जोडत होत्या. चालत आलेल्याला नमस्कार करायचा, हे तिथेही आहे.

तिथून दीडेक किलोमीटर, आणि तळं.

लहान आहे. फारच लहान. काठानं खडी, पाणी हिरवट-राखाडी. एका बाजूला उघड्यावर चौमुखी महादेव, भोवती रोवलेल्या लोखंडी त्रिशुळांचं रान, लाल चुनऱ्या, घंटा. देऊळ खरंच नाही. तिथले लोक या तळ्याला डल म्हणतात. बड्या न्हौणाच्या वेळी संचूई गावचे चेले, म्हणजे शिवाचे परंपरेनं मानलेले भक्त, हे डल पार करतात, त्याला डल तोडणं म्हणतात. त्यांच्या आधी पाण्यात हात घालून पाहिला की त्याचा अर्थ कळतो. मी घातला.

आणि मणिमहेशचा कैलास? ५,६५३ मीटरचा तो डोंगर समोरच होता, पण कमरेच्या वर ढग. कुणीही त्याच्या माथ्यावर गेलेलं नाही. १९६८ मध्ये भारतीय आणि जपानी गिर्यारोहकांच्या एका तुकडीला अर्ध्यातून परतावं लागलं. गद्दी, म्हणजे इथले मेंढपाळ लोक, सांगतात, एक मेंढपाळ मेंढरं घेऊन चढला आणि मेंढरांसकट दगड झाला. ते दगड दाखवतातही. आम्हाला ढगच दिसले. "पहाटे थांबा," शेजारचा एक गद्दी बाबा म्हणाला, "शिखरावर मणी चमकतो." कितीतरी लोक त्यासाठी रात्र काढायला आले होते.

ताईनं तळ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. काठावर लोकांनी सोडलेले ओले कपडे, चपला आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांच्यातून पाय काढत. अंगावरची जुनी वस्त्रं सोडून जायची ही रीत कुठून आली कोण जाणे. चंद्रभागेच्या वाळवंटातही हेच बघते मी दरवर्षी, आणि दरवर्षी तेवढीच चिडते. मग ती त्रिशुळांपाशी बसून हरिपाठ म्हणायला लागली, आणि दम पुरेना. एका ओळीला दोनदा श्वास. अकरा वर्षांत ज्या बाईनं दिवे घाटात टाळ सोडला नाही, ती दुसऱ्या अभंगाला थांबली आणि हसायला लागली. "राहू दे," म्हणाली, "त्याला पाठ आहे." नंतर शिखराकडे, म्हणजे ढगाकडे, एकदा बघितलं. "चल. हे वाट बघत असतील."

उतरताना गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं. शिवाचं घराट कधी मागे पडलं ते अंधारात कळलंही नाही.

धनछोला दाजी लंगरमध्ये मांडी घालून राजमा-भात खात बसले होते, तिसऱ्यांदा म्हणे. रंग परत आला होता. ताई त्यांच्याशेजारी धपकन बसली आणि त्यांच्या ताटातलाच घास घेतला.

"झालं दर्शन?"

"ढग होते."

"हं." मग जरा वेळानं म्हणाले, "मी ऐकलं पण."

"काय?"

"ते जातं. येताना खेचराचा पट्टा सैल झाला म्हणून तो पोरगा थांबला. मी खडकाला टेकून बसलो. वरचा भोंगा बंद पडला होता, डिझेल संपलं असेल. आणि आतनं घरघर, घरघर. चांगली चालू होती. फार वेळ."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "ओवी होती का?"

"अगं, मला मळमळत होतं. ओवी काय! पाणी असणार खालनं."

सकाळी आम्ही बिऱ्हाड आवरत होतो, तर ताई जागेवर नव्हती. दाजी म्हणाले, उजाडायच्या आधीच वर गेली. तासाभरानं ती आली, पायाला चिखल, शाल खांद्यावरून लोंबत. मी काही विचारलं नाही. दाजींनी विचारलं.

"भोंगा लागला होता," ताई म्हणाली आणि पिशवीची नाडी ओढायला लागली. "पाच वाजल्यापासून लावतात मेले."