मुंडकी

१२ ऑगस्ट, रेड लेकच्या उत्तरेला, ओंटारियो, कॅनडा

पहाटे साडेचारला मासेमारीच्या लॉजवरच्या स्वयंपाकघरात भट्टी पेटवली. बेकन, अंडी, परतलेले बटाटे, पॅनकेक. उद्या तेच, परवाही तेच. एवढ्या सकाळी माणूस एवढं कसं खातो, हे अडीच महिन्यांत मला उमगलं नव्हतं. आज लॉज चालवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच मला पाहुण्यांबरोबर होडीतून पाठवलं. चार तास तळ्यावरचा गार वारा खाल्ला आणि दुपारी पोटात वणवा पेटला.

जेवण किनाऱ्यावरच, खडकावर चूल मांडून. इथे त्याला शोअर लंच म्हणतात. आमचा वाटाड्या ओजिब्वे, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. वल्ह्याचं पातं हाच त्याचा पाट. सुरी शेपटीकडून अशी फिरते की मिनिटभरात पिकरेल माशाच्या दोन्ही बाजू सुट्या, काटा एकही नाही. परवान्यावर दिवसाला चारच पिकरेल, त्यात ४६ सेंटिमीटरच्या वरचा एकच. तव्यात गेलेलाही मोजायचा. बिडाच्या तव्यात डुकराची चरबी वितळली, आधी बटाटे-कांदा, मग पिठात घोळवलेला मासा. बीन्सचा डबा तोंड उघडून थेट निखाऱ्यांवर.

मी वेंगुर्ल्याचा. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे मासा म्हणत नाहीत. पण तिसऱ्या तुकड्यानंतर मी तुलना सोडली.

इथलं स्वयंपाकघर वजनावर चालतं. रस्ता नाही, सगळं पाण्यावर उतरणाऱ्या बीव्हर विमानातून येतं. हे मॉडेल १९४७ साली पहिल्यांदा उडालं, अजून पीठ-बटाटे वाहतंय. बाई यादीत किमतीआधी पौंड लिहितात. त्यामुळे पालेभाजी जेमतेम. मैदा, कांदे, चरबी, डबे मात्र भरपूर. आजी पावसाळ्याआधी आगोटीचं सामान भरायची, तेच डोकं. पाहुणे मूसचं, म्हणजे इथल्या थोराड हरणाचं, मांस मागतात, पण शिकारीचं मांस विकायला इथे बंदी, मग ताटात गाईचं. बॅनॉक मात्र रोज: मैदा, बेकिंग पावडर, चरबी, पाणी. स्कॉटिश व्यापाऱ्यांबरोबर आलेली ही भाकरी आता वाटाड्याला आपल्याच घरची वाटते.

एक गोष्ट जिवाला लागते. रोज संध्याकाळी माशांची बादलीभर मुंडकी लांबच्या खडकावर टाकून येतात, अस्वलं आवारात येऊ नयेत म्हणून. कुरव आणि गरुड वाटच बघत असतात. आमच्याकडे त्या बादलीत चार घरांचं तिखलं झालं असतं! आज वाटाड्याने फेकण्याआधी प्रत्येक मुंडक्याच्या गालात सुरीचं टोक घातलं आणि जुन्या पावलीएवढी चकती काढली. पाहुणे फोटो काढण्यात गुंतलेले. उरल्या चरबीत त्या चकत्या परतून आम्ही दोघांनीच खाल्ल्या. तो काही बोलला नाही, मीही नाही.

परतल्यावर बाईंकडे उद्याची चार मुंडकी मागितली. पिशवीच्या तळाशी आईने दिलेली सोलं आहेत, मिरचीपूडही आहे. बाई हो म्हणाल्या, पण चूल बाहेर, लाकडाच्या ढिगामागे. आणि त्यांच्या पातेल्याला हात लावायचा नाही.