सव्वादोन मीटर ब्लॅकआऊट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी येते. तिची दोन पोरं आणि आमची दोन, चौघं मिळून दुपारभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये ह्यांनी मागवलेला छोटा प्रोजेक्टर यंदा मी कपाटावरून खाली काढला. सहा महिने तो तिथंच धूळ खात होता, कारण त्याचं चित्र पाडायचं कशावर, हा प्रश्न घरात कुणी सोडवला नव्हता.

मी अमळनेरला घरी ब्लाऊज, फॉल-पिको आणि पडदे शिवते. त्यामुळे पडदा म्हटल्यावर काम माझ्याकडेच आलं. सासरे, म्हणजे आप्पा, चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते. तेव्हा भिंतीचं खातं त्यांचं.

पहिल्या दिवशी डबलची पांढरी चादर दोरीवर टाकली. चित्र पडलं, पोरं ओरडली, आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या लक्षात आलं की चादरीच्या मागची फडताळंही उजळली आहेत. अर्धा उजेड कापडातून पलीकडे जात होता. पंखा लावला की माणसांची तोंडं हलायची, बंद केला की आम्ही घामाने भिजायचो. आप्पांना मात्र ते फार आवडलं. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची जत्रा भरते, तिथं लहानपणी ते तंबूतला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूने बघत. तिकडे तिकीट कमी. अक्षरं उलटी आणि हिरो डावखुरा, एवढंच. ते उठून चादरीमागे गेले आणि हसत बाहेर आले.

मग भिंत. आमचं पुढचं घर स्लॅबचं आहे, पण तिथल्या मोकळ्या भिंतीला टीव्ही आणि देव आहेत. मागचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर लाकडी तुळया, उन्हाळ्यात तिथं बरंच गार. बसायला हीच खोली. पण भिंत हाताने लिंपलेली आणि चुना मारलेली. दिवसा ती सपाट वाटते, प्रोजेक्टर लावला की तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा दिसतो. क्रिकेटच्या मैदानावर टेकड्या आल्या.

ओळखीच्या बॅनरवाल्याने फ्लेक्सचा उरलेला तुकडा फुकट दिला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, मागून काळा. उजेड आरपार जात नाही, म्हणून मी खूश. पण फ्लेक्सला चकाकी असते. मधोमध बल्बसारखा पांढरा गोळा दिसायचा, आणि बाजूला बसणाऱ्याला वेगळंच चित्र. शिवाय घडीच्या रेषा काही केल्या गेल्या नाहीत. आणि वास! दोन दिवसांनी तो तुकडा सरपण झाकायला गेला.

तयार पडदाही बघितला होता. खाली ओढायचा, स्प्रिंगचा, सहा फूट बाय चार फूट, सव्वीसशे रुपये. मिस्टरांच्या मित्राच्या क्लासमध्ये तसाच आहे. वर्षभरात त्याच्या दोन्ही कडा आत वळल्या आहेत आणि मधे व्ही आकाराच्या लाटा पडल्या आहेत. गणिताच्या आकृत्यांना ते चालतं, माणसाच्या चेहऱ्याला नाही. दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे पडदे येतात, ते सपाट राहतात, पण त्यांची किंमत आमच्या प्रोजेक्टरपेक्षा जास्त. आणखी एक गोष्ट मला टेप हातात असल्यामुळेच कळली. सहा बाय चार हे माप आजच्या चित्राचं नाहीच. हल्लीचं चित्र १६ ला ९ असं असतं. ७२ इंच रुंद पाडलं तर उंची भरते साडेचाळीस इंच, आणि पडदा आहे ४८. उरलेली साडेसात इंचांची पांढरी पट्टी फुकट उजळत राहते.

पोरांचा हट्ट शंभर इंचाचा होता, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ल्युमेन्स म्हणजे उजेडाचं माप. प्रोजेक्टरच्या खोक्यावर १२,००० ल्युमेन्स छापलंय. आतल्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात २०० एन्सी ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले. खरा आकडा हा दुसरा. आता हिशोब असा: हे ल्युमेन्स भागिले पडद्याचे चौरस फूट. साध्या मॅट पांढऱ्या पडद्याला जे उत्तर येतं ते फूट-लॅम्बर्टमध्ये, म्हणजे पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप. सिनेमा थिएटरचं प्रमाण १४ ते १६ चं. शंभर इंची पडदा म्हणजे रुंदी ८७, उंची ४९, जवळपास तीस चौरस फूट. २०० भागिले ३०, साडेसहाच्या आसपास. म्हणजे अंधुक. ऐंशी इंची पडदा १९ चौरस फुटांचा, उत्तर साडेदहा. थिएटर नाही, पण काळोख्या खोलीत चालून जाईल. पोरांना मी सांगितलं, एका वाटीचं वरण परातीत ओतलं तर पसरतं, वाढत नाही. करड्या रंगाचे आणि खोलीतला उजेड खाणारे महाग पडदेही मिळतात, पण करडा पडदा घ्यायला मुळात प्रोजेक्टरकडे जास्तीचा उजेड असावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून पांढराच.

तर माप ठरलं ऐंशी इंची: चित्र पावणेसत्तर इंच रुंद, सव्वाएकोणचाळीस इंच उंच. आमच्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या सव्वापट अंतर लागतं, म्हणजे सव्वासात फूट. बसणारे त्याच्या मागे, दहा फुटांवर. खोली अकरा फुटांची. बसलं बरोबर.

कापड जळगावला फुले मार्केटमधून आणलं. पडद्याच्या अस्तराला लागतं ते ब्लॅकआऊट, एका बाजूने लेप दिलेलं, उजेड अडवणारं. दुकानात मोबाईलची बॅटरी मागून लावून बघायची, टिपका दिसला तर नको. दुसरी परीक्षा रंगाची. दुकानदार ज्याला पांढरा म्हणतो तो पुष्कळदा मोतिया असतो, आणि त्याच्यावर सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. मी पर्समध्ये झेरॉक्सचा कोरा कागद नेला होता. तो ठेवल्यावर पहिले दोन तागे आपोआप बाद झाले. दुकानदार विचारतो, "ताई, किती खिडक्या?" मी म्हटलं, एकच, पण तिच्यातून मुंबई दिसायला पाहिजे.

पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, ५४ इंच होता, आणि इथंच माझा शिवणकामाचा हिशोब कामी आला. कापड आडवं वापरलं तर पन्हा म्हणजेच पडद्याची उंची, मधे जोड द्यायची गरज नाही. पडद्यावर जोड असला की डोळा सतत तिथंच जातो. चित्राचे सव्वाएकोणचाळीस, वर-खाली दोन-दोन इंच काळी किनार, झाले सव्वात्रेचाळीस. उरले पावणेअकरा. म्हणजे वर आणि खाली नेफ्याला पाच इंचांहून थोडं जास्तच. लांबीला दोन मीटर पुरलं असतं, मी सव्वादोन घेतलं, कारण ताग्यावरून फाडलेलं टोक कधीच काटकोनात नसतं.

आता चुका. घडी मोडायला मी इस्त्री फिरवली, तीही लेपाच्या बाजूने. लेप विरघळून इस्त्रीला चिकटला आणि कोपऱ्यात तळहाताएवढा डाग पडला. नशीब तो नेफ्यात गेला. इस्त्री करायचीच तर कापडाच्या बाजूने, मंद, वर ओलसर फडकं टाकून. नाहीतर नुसतं दोन दिवस टांगून ठेवा, खाली वजन द्या, मे महिन्यात खानदेशातली हवाच इस्त्री करते.

दुसरं, हे कापड उसवायचं नाही. साध्या कापडात सुईचं भोक धुतलं की मिटतं, लेपाच्या कापडात ते कायम राहतं आणि त्यातून उजेड टिपक्यासारखा दिसतो. टाचण्याही लावायच्या नाहीत, मी कपड्यांचे चिमटे लावले. टाका सगळ्यात लांब ठेवला. किनारीला दोन इंची काळी मखमली पट्टी, सहा मीटर. साटिन घेऊ नका, चमकते. मखमल उजेड पिऊन टाकते, चित्र अर्धा इंच बाहेर गेलं तरी कळत नाही, आणि काळ्या चौकटीमुळे पांढरा जास्त पांढरा वाटतो. पट्टी शिवताना जरा ओढली गेली की पडद्याला चुण्या पडतात. उजव्या बाजूला माझ्याकडून पडल्यात, दोन. कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते.

खालच्या नेफ्यात वजन हवं. आप्पांनी अडगळीतून बारा एमएमची सळई काढली. सहा फूट दोन इंच कापली की पावणेदोन किलोच्या जरा आत भरते. गंज पांढऱ्या कापडाला लागेल म्हणून ती वायरिंगच्या प्लास्टिक पाईपमध्ये घातली. वरच्या नेफ्यासाठी मी पीव्हीसी पाईप म्हणत होते, घरात पडलेला होता. आप्पांनी तो दोन विटांवर आडवा ठेवून मधे सळई टांगली आणि उन्हात सोडून दिला. संध्याकाळी पाईपला पोट आलं होतं. बोलले काहीच नाहीत. मी मुकाट्याने अॅल्युमिनियमचा एक इंची पाईप आणला.

टांगायची वेळ आली तेव्हा मी ड्रिल घेऊन भिंतीपाशी गेले. मशीन लोण्यात जावं तसं आत गेलं आणि माती भुरभुर खाली आली. प्लास्टिकचा प्लग घातला, स्क्रू पिळला, सगळं हातात आलं. बाजेवरून आप्पांचा अहिराणीत आवाज: "आठे कसाले ठोकी ऱ्हायनी व माय? मातीनी भीत शे, खिया धरत नही." म्हणजे, इथं कशाला ठोकतेस, मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही.

मग त्यांनी तुळई दाखवली. ती भिंतीपासून फूटभर पुढे आहे, सागाची, माझ्या सासूबाईंच्या सासऱ्यांच्या वेळची. जुनं सागवान इतकं वाळलेलं असतं की हुक थेट पिळला तर मोडतो किंवा लाकूड चिरतं. आधी हुकपेक्षा बारीक भोक पाडायचं आणि हुकच्या आट्यांना साबण चोळायचा. अंगाचा साबण चालतो. दोन हुक, त्यातून साखळ्या, साखळीत पाईप. साखळी अशासाठी की एक एक कडी सोडून उंची कमीजास्त करता येते. आम्ही गादीवर नाहीतर चटईवर बसतो, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवली. खुर्च्या असतील तर आणखी वर न्यावी लागेल.

लेव्हल काढायला मी मोबाईलमधलं अॅप उघडलं. आप्पांनी पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकं दोन हुकांशी. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी माप खोटं येतं, म्हणून त्यांनी पाच मिनिटं नळी झटकण्यात घालवली. पाणी थांबलं तेव्हा कळलं की तुळईच सव्वा इंच कलली आहे. पाण्याप्रमाणे पडदा लावला तर तो तुळईच्या खाली तिरका दिसतो. तुळईप्रमाणे लावला तर प्रोजेक्टरचं सरळ चित्र पडद्यात तिरकं बसतं. आप्पा म्हणाले पाणी. मी म्हणाले डोळा. शेवटी पाण्याप्रमाणे लावला, आणि तुळईला उरलेल्या काळ्या कापडाची झालर शिवून तिचा कल झाकला.

प्रोजेक्टर पडद्याच्या मधल्या रेषेत, स्टुलावर, नाक सरळ करून ठेवला. चित्र तिरकं पडलं की रिमोटवरून ते चौकोनी करायची सोय असते, तिचा मोह टाळा. ती चित्राच्या कडा कापून आत दाबते, आधीच कमी असलेला उजेड आणखी वाया जातो आणि अक्षरं फुटतात. त्यापेक्षा स्टुलाच्या पायाखाली पाटी सरकवलेली बरी.

शेवटचा शत्रू छतातलं साणं. उजेडासाठी ठेवलेलं ते भोक दुपारी जमिनीवर उन्हाचा रुपया टाकतं. तो तासाभरात सरकत सरकत बरोबर पडद्यावर येतो. मोठ्या पोराने धाब्यावर चढून त्यावर तेलाचा पत्र्याचा डबा उपडा घातला. बाजूच्या चुन्याच्या भिंती उजेड परत पडद्यावर फेकतात, तिथं दोन गडद गोधड्या टांगल्या. फरक लगेच दिसला, मला वाटलं होतं त्याहून जास्त.

खर्च: कापड ६३०, मखमल १५०, पाईप २१०, हुक-साखळी-प्लास्टिक पाईप मिळून ११०. अकराशे रुपये. सळई आणि शिलाई धरलेली नाही. शिलाई मी कुणाला फुकट देत नाही, पण असो.

आखाजीच्या दिवशी खापरावरचे मांडे आणि आमरस झाल्यावर सगळे मागच्या घरात. मांडे खाल्ल्यावर माणूस बसतो कमी आणि कलंडतो जास्त, त्यामुळे दोन फुटांची उंची बरोबर ठरली. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि पंखा दोन्ही निभावले. पडद्याला खाली वजन असल्यामुळे पंख्याने नुसती झालर हलली. नणंद म्हणाली, माझ्या घराला पण एक शिवून दे. मी तिला पन्हा विचारून यायला सांगितलं.

मध्यंतरात पाहिलं तर आप्पा बाजेवर नाहीत. पडदा आणि भिंत यांच्यामधल्या फूटभर जागेत ते कसेबसे शिरले होते. फक्त पाय दिसत होते. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"आठे काहीच दिसत नही व माय."