तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडी पेंगतेय, काय देऊ?

परसात दहाबारा कोंबड्या पाळणारं कुणीही भेटलं की हा प्रश्न ठरलेला. सोबत मोबाइलवर फोटो: खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आत ओढून बसलेली कोंबडी. माझ्या उत्तरानं बहुतेकांचा विरस होतो. आधी काहीच देऊ नका. तिला वेगळी काढा आणि तिची शीट बघा.

वेगळी काढली की रोगाला आळा बसतो, शिवाय बाकीच्या तिला टोचून हैराण करत नाहीत. हे टोचणं टाळायलाच ती दुखणं लपवते, दाणे टाकले की सगळ्यांबरोबर धावत येते. तुम्हाला ती पेंगताना दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

डालग्याखाली जुनं वर्तमानपत्र अंथरा म्हणजे शीट नीट दिसते. घट्ट, तपकिरी, वर पांढरा ठिपका असेल तर पोट ठीक. अधूनमधून चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची शीट पडते, तीही ठीकच. लोक तिलाच हगवण समजतात. पिलांच्या शीटेत रक्त दिसलं, त्यातून पावसाळा आणि खाली ओला भुसा असला, तर बहुधा रक्ती हगवण. तिच्यावर अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, प्रमाण डॉक्टरांना विचारून. भुसा ओलाच राहिला तर मात्र पुन्हा तेच. हिरवट पातळ शीट, चोच उघडी टाकून धाप, मग मान पिळवटणं, पाय लुळे पडणं म्हणजे मानमोडी, राणीखेत. त्यावर औषध नाही. हळद-लसूण नाही, घरात उरलेल्या माणसाच्या गोळ्या तर नाहीच नाही.

(पेंगणारी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेलीही असू शकते. हात पुढे केल्यावर फुगून गुरगुरली, बोटाला टोचली, तर अंडी ठेवा तिच्याखाली. आजारी कोंबडी मुकाट्यानं उचलू देते.)

मानमोडीला तोड एकच, लस. पिलू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, सहा-आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बी ही दुसरी लस टोचून. अडचण अशी की कुपी निदान शंभर मात्रांची, आणि 'आमच्या दहाच कोंबड्या' म्हणून माणूस गप्प बसतो. वाडीतल्या सगळ्या घरांनी मिळून आणा. थर्मासात बर्फ घालून आणा आणि मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवा. टोचायची ती धडधाकट कोंबड्यांना.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मर लागली की उरलेल्या कोंबड्या घाईघाईनं आठवडी बाजारात जातात आणि मेलेल्या ओढ्यात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न म्हणून आपण सोडून दिला. एकाएकी पटापट मरायला लागल्या तर ते बर्ड फ्लूही असू शकतं, मानमोडीही. नुसतं बघून आपल्याला सांगता येत नाही. कापू नका, विकू नका, उघड्या हातानं उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पुरायच्या तर खोल खड्ड्यात, चुना टाकून.

आणि बाजारातून नवा कोंबडा आणलात तर दोन-तीन आठवडे तो वेगळाच बांधा. तुरा कितीही लालभडक असला तरी.