सॅक्रामेंटो ते जोलिएट: चार दिवस, एक तपासणी आणि डिझेलची एक पावती

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून इलिनॉयमधल्या जोलिएटला माझ्या ट्रकमध्ये डबाबंद टोमॅटोचा लोड होता. आय-८० महामार्गाला लागायचं आणि सोडायचा नाही, जेमतेम दोन हजार मैल. रस्ता माझ्या पायाखालचा आहे, त्यामुळे डोंगर-दऱ्यांचं वर्णन इथे फारसं मिळणार नाही. लिहायचंय ते लॉगबुकबद्दल, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या आणि सुट्टीच्या तासांच्या नोंदीबद्दल. या खेपेत वायोमिंगला माझी तपासणी झाली आणि चूक माझीच निघाली, तीही अशी की केली नसती तरी माझं काडीचं नुकसान नव्हतं.

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरच्या तासांचे नियम पाठ असतील त्यांनी हा परिच्छेद गाळावा. सलग १० तास सुट्टी झाली की ११ तास गाडी चालवता येते, पण ते सगळं ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत उरकायचं. ८ तास ड्रायव्हिंग झालं की पुढे चालवण्याआधी अर्धा तास गाडी थांबलेली हवी. कंपनी आठवड्याचे सातही दिवस चालत असेल तर ८ दिवसांत ७० तासांची मर्यादा, आणि सलग ३४ तास सुट्टी घेतली की तो हिशेब पुन्हा शून्यावर येतो. लॉगमध्ये रेघा चारच: ऑफ ड्युटी, स्लीपर बर्थ (केबिनमागची झोपायची जागा), ड्रायव्हिंग आणि ऑन ड्युटी (गाडी चालवण्याखेरीजचं काम). डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांच्या गाडीत हे काम ईएलडी, म्हणजे इंजिनला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक लॉगचं यंत्र करतं. कागदी लॉग अजून चालतो तो थोड्यांनाच, उदाहरणार्थ २००० सालाआधीचं इंजिन असलेल्या गाड्यांना.

पहिल्या दिवशी पहाटे ५ वाजता यार्डात प्री-ट्रिप (निघण्याआधीची गाडीची पाहणी) केली आणि साडेपाचला शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या दारात होतो. तिथे गाडी भरायला ९:४० झाले. शिपरचं नाव लिहीत नाही, असे शिपर गल्लोगल्ली आहेत. नवीन ड्रायव्हर इथेच फसतात. त्यांना वाटतं, डॉकवर (माल भरायच्या धक्क्यावर) ऑफ ड्युटी टाकून झोपलो म्हणजे घड्याळ थांबलं. ११ तासांचं थांबतं, १४ चं थांबत नाही. माझे १४ तास संध्याकाळी ७ ला संपणार होते, मग डॉकवर मी झोपा काढो नाहीतर भजन करो. अपवाद एकच: स्लीपरमध्ये सलग किमान ७ तास आणि दुसरी किमान २ तासांची सुट्टी, दोन्ही मिळून १० भरले, तर ते दोन्ही तुकडे १४ मधून वगळले जातात. चार तासांच्या डॉकसाठी हे गणित मांडायचं असेल तर पुढचे सात तास कुठे झोपणार हे आधी ठरवा.

डॉनर पास चढून रीनो आणि तिथून विनेमक्का. तिथे डिझेल भरलं, ३५ मिनिटं लागली. इथे काय झालं ते नीट सांगतो.

गाडी ताशी ५ मैलांच्या वर गेली की ईएलडी आपोआप ड्रायव्हिंगची रेघ ओढतं. थांबल्यावर पाच मिनिटांनी विचारतं, अजून ड्रायव्हिंगच ना? मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर स्वतःच ऑन ड्युटीवर टाकतं. म्हणजे मी स्क्रीनला हात लावला नसता तर लॉग बरोबरच राहिला असता. पण पंपावर गाडी लावली आणि सवयीने बोट ऑफ ड्युटीवर गेलं. एका हातात डिझेलचं नोजल, दुसऱ्या हातात काच पुसायचा दांडा, आणि लॉगमध्ये मी सुट्टीवर! डिझेल भरणं ही ऑन ड्युटी आहे, यात वादच नाही. जुन्या लोकांची ही खोड त्या काळातली आहे, जेव्हा अर्ध्या तासाचा ब्रेक ऑफ ड्युटीच असावा लागायचा. सप्टेंबर २०२० पासून ती अट गेली. आता सलग अर्धा तास ड्रायव्हिंग नसलं की पुरे, मग तो ऑन ड्युटी असो, ऑफ असो की दोन्ही मिळून. पंधरा मिनिटं डिझेल ऑन ड्युटीत आणि वीस मिनिटं कॉफी ऑफ ड्युटीत टाकली असती तरी ब्रेक मोजला गेलाच असता.

संध्याकाळी साडेसहाला वेल्सला गाडी लावली. ११ पैकी सव्वादोन तास शिल्लक होते, पण १४ संपायला अर्धाच तास उरला होता. कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक बघणाऱ्या डिस्पॅचरचा मेसेज आला, ‘अजून दोन तास दिसतायत की’. त्याला १४ तासांच्या घड्याळाचा फोटो काढून पाठवला. रात्री दिवसाचा लॉग सर्टिफाय करताना, म्हणजे बरोबर आहे म्हणून सही करताना, विनेमक्काची रेघ दिसली. डोक्यात आलंही, की दुरुस्त करून टाकावी. कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटी मागे टाकून वायोमिंगमध्ये शिरलो आणि पोर्ट ऑफ एंट्रीवर, म्हणजे राज्याच्या ट्रक तपासणी नाक्यावर बाजूला घेण्याचा इशारा मिळाला. लेव्हल ३ तपासणी, म्हणजे फक्त ड्रायव्हर आणि त्याचे कागद. लेव्हल १ असती तर गाडीखाली झोपून ब्रेकसुद्धा मोजले असते आणि तास सहज गेला असता. इंजिन बंद केलं, खिडकी खाली केली, हात स्टिअरिंगवर ठेवले. लायसन्स, मेडिकल कार्ड, रजिस्ट्रेशन, बिल ऑफ लेडिंग (मालाचा कागद) हे सगळं एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये असतं. अधिकारी बाई पन्नाशीच्या, शांत. कुठून आलात, कुठे चाललात, माल काय, काल रात्री कुठे थांबलात? हे प्रश्न गप्पा म्हणून घेऊ नका. एक तर उत्तरं लॉगशी ताडून बघितली जातात, आणि दुसरं, जून २०२५ पासून इंग्रजीत उत्तर देता आलं नाही किंवा रस्त्यावरच्या पाट्या कळल्या नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच आउट ऑफ सर्व्हिस करता येतं, म्हणजे गाडी चालवायला बंदी. आपल्या मंडळींपैकी ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे, त्यांनी ही पाच-सात वाक्यं रोज गाडीत मोठ्याने म्हणावीत. लाजायचं कारण नाही.

मग लॉग. त्यांनी एक कोड सांगितला. तो ईएलडीच्या ट्रान्सफरच्या रकान्यात टाकून फाइल पाठवायची असते. माझी पहिल्यांदा गेली नाही. अशा वेळी हात थरथरतो, म्हणून हे घरी एकदा करून बघा: इन्स्पेक्शनचं बटण कुठे आहे, वेब सर्व्हिसने पाठवायचं की ईमेलने, कोड कुठे लिहायचा. दुसऱ्यांदा ईमेलने गेली. ती गेलीच नसती तर स्क्रीनवर दाखवून भागलं असतं. स्क्रीन त्यांना केबिनमध्ये न चढता दिसला पाहिजे, इतकंच. ईएलडी तुमच्या स्वतःच्या फोनवर असेल तर तो हातात देण्याआधी नोटिफिकेशन बंद करा. माझ्या एका मित्राच्या बायकोचा रागावलेला मेसेज इन्स्पेक्टरने त्याच्याआधी वाचला होता.

सोबत ईएलडीचं मॅन्युअल, फाइल कशी पाठवायची आणि ईएलडी बिघडलं तर काय करायचं यांचे कागद, आणि किमान ८ दिवस पुरतील एवढे कोरे लॉगचे कागद लागतात. हे चारही त्यांनी विचारले. यंत्र बिघडलं तर चालू दिवस आणि मागचे ७ दिवस यातलं जे यंत्रातून निघत नाही ते कागदावर उतरवायचं असतं, म्हणून ते कोरे कागद.

त्यांचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं आणि माझा स्क्रीन पावणेदहा. यात चूक काही नाही; लॉग होम टर्मिनलच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या मूळ ठाण्याच्या वेळेनेच चालतो, गाडी कुठल्याही टाइम झोनमध्ये असो. पण विचारलं तर गोंधळून ‘यंत्र तासभर मागे आहे’ असं सांगू नका.

मग त्यांनी शांतपणे विचारलं, ‘काल डिझेल कुठे भरलं?’ विनेमक्का, म्हणालो. ‘पावती?’ पावती फोल्डरमध्येच होती. वेळ १५:०७. लॉगमध्ये १४:५५ ते १५:३० ऑफ ड्युटी. त्यांनी पावती स्क्रीनशेजारी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. सबबी बऱ्याच सुचल्या; सहकाऱ्याने भरलं म्हणावं, तर गाडीत दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, सवयीने चुकीचं बटण दाबलं, रात्री लक्षात आलं होतं, दुरुस्त केलं नाही. त्या म्हणाल्या, रात्री टीप लिहून दुरुस्त केलं असतं तर मी हा प्रश्नच विचारला नसता. रिपोर्टमध्ये उल्लंघन नोंदलं. तास लपवले नव्हते, त्यामुळे आउट ऑफ सर्व्हिस नाही, दंडही नाही. पण ती नोंद कंपनीच्या खात्यावर २४ महिने मोजली जाते आणि माझ्या पीएसपी रिपोर्टवर, म्हणजे ड्रायव्हरच्या तपासण्यांच्या सरकारी नोंदीत तीन वर्षं दिसत राहील. पुढची नोकरी देणारा तोच रिपोर्ट उघडतो.

लॉग दुरुस्त करणं म्हणजे गुन्हा अशी अनेकांची समजूत आहे, म्हणून सांगतो. ड्रायव्हरला स्वतःचा लॉग दुरुस्त करता येतो. सोबत कारणाची टीप लागते आणि मूळ नोंद मागे तशीच राहते. आपोआप नोंदलेला ड्रायव्हिंगचा वेळ मात्र कमी करता येत नाही. कंपनीला बदल सुचवता येतो, पण तुम्ही मान्य केल्याशिवाय तो लागू होत नाही. ऑफिसातून आलेली सूचना न वाचता ‘ॲक्सेप्ट’ दाबणारे मी पाहिलेत. सही तुमची असते, ऑफिसची नाही.

तपासणीची ३५ मिनिटं ऑन ड्युटीत टाकली, आणि ८ तास ड्रायव्हिंगसाठी लागणारा अर्ध्या तासाचा ब्रेक त्यातच झाला. निघताना तेवढंच समाधान.

रॉलिन्सला बोर्ड लागला होता: पुढे जोराचा वारा, हलक्या उंच गाड्यांना रस्ता बंद. माझं एकूण वजन ७८,००० पौंड, त्यामुळे जाता आलं, पण एल्क माउंटनजवळ ट्रेलर असा ढकलला जात होता की ताशी ४५ च्या वर जायची हिंमत झाली नाही. अशा वेळी ‘ॲडव्हर्स ड्रायव्हिंग कंडिशन्स’ (खराब परिस्थितीची सवलत) लावून दोन तास वाढवून घ्यायचा मोह होतो. ती सवलत निघताना माहीत नसलेल्या आणि माहीत असण्याचं कारण नसलेल्या संकटासाठी आहे. मी पहाटे वेल्सला वाऱ्याचा अंदाज वाचला होता, तेव्हा ती मला लागू नव्हती. मुकाट लॅरमीला थांबलो.

तिसऱ्या दिवशी शर्मन समिट ओलांडला, ८,६४० फूट, आय-८० वरची सर्वात उंच जागा. मग नेब्रास्का. नेब्रास्काबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही आणि त्याबद्दल मी नेब्रास्काचा आभारी आहे. मुक्काम यॉर्क. चौथ्या दिवशी आयोवात ट्रान्सपाँडरवर (काचेवरच्या सिग्नल यंत्रावर) हिरवा दिवा मिळाला, वे स्टेशनला, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्याला, थांबावं लागलं नाही. लाल लागला तर आत जावंच लागतं.

जोलिएटला माल उतरेपर्यंत रात्र झाली आणि १४ तास संपले. गेटवरचा माणूस म्हणाला, आत थांबता येणार नाही. इथे पर्सनल कन्व्हेयन्स (पीसी) कामाला येतं: माल उतरवल्यावर विश्रांतीसाठी जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत ऑफ ड्युटीत गाडी नेता येते. जवळची म्हणजे जवळचीच. पुढच्या लोडच्या दिशेला तीस मैल सरकून घेतलं की त्याला पीसी म्हणत नाहीत. चार मैलांवर जागा मिळाली. टीप लिहिली: ‘रिसीव्हरने यार्ड सोडायला सांगितलं, जवळच्या ट्रक स्टॉपवर विश्रांतीसाठी.’ मग विनेमक्काची रेघ दुरुस्त केली, तिलाही टीप लिहिली. वायोमिंगचा रिपोर्ट २४ तासांत कंपनीला द्यायचा असतो, तो वायोमिंगहूनच फोटो काढून पाठवला होता. कंपनीच्या सेफ्टीवाल्यांचा फोन जोलिएटलाच आला. पहिलाच प्रश्न: ‘पावती दाखवलीस कशाला?’

मागितली तर दाखवावीच लागते, एवढं बोलून झोपलो.