मधल्या बोटाने सोडवलेलं कोडं

1945 साली अमेरिकेत वॉल्टर लँडॉअर यांनी कोंबडीच्या अंड्यात इन्सुलिन टोचलं आणि बिनशेपटीची पिल्लं निघाली, हे वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला होता. म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हायड्रोकॉर्टिसोन हे हार्मोन घेतलं. ते टोचल्यावर गर्भाभोवतीच्या पाण्यातली साखर आणि प्रथिनं किती बदलतात, हे बघायचं होतं. हे पाणी दोन पिशव्यांत असतं. ॲम्निऑनमध्ये गर्भ तरंगतो, ॲलँटॉइसमध्ये त्याची लघवी साठते.

दुकानातली अंडी फलित नसतात, त्यामुळे हॅचरीतून दोन ट्रे आणले. इनक्युबेटर 37.5 अंशांवर. आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून हवेच्या कप्प्याची कड पेन्सिलीने आखली, स्पिरिटने पुसलं, बारीक भोक पाडून औषध सोडलं आणि मेणाने बंद केलं. निम्म्या अंड्यांत, औषध ज्यात विरघळवलं होतं, तेवढंच द्रावण. नुसत्या टोचण्याचाही परिणाम होतोच, त्यामुळे तुलनेला ही अंडी हवीतच.

पहिली खेप वाया गेली. पाणी काढायला सुई शिरताना शीर फुटायची, पाण्यात रक्त मिसळायचं, आणि मग मोजलेली साखर रक्ताची की पाण्याची, कसं सांगणार? लॅबमधले मामा म्हणाले, "ताई, फोडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा." अंड्यांत लस बनवतानाही हेच करतात. थंडीने शिरा आकसतात. पुढच्या खेपेला सगळी अंडी मोजून सारखाच वेळ 4 अंशांवर ठेवली. ॲलँटॉइसचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं स्वच्छ आलं. त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरले.

खरी अडचण चौदाव्या दिवशी आली. नुसतं द्रावण दिलेल्या अंड्यांत ॲम्निऑनचं पाणी इतकं दाट, की पिपेट तुंबायची. औषध दिलेल्यांत मात्र पातळ, प्रथिनं अगदी कमी. मी आनंदाने वहीत लिहिलं: हार्मोनमुळे प्रथिनं घटतात. मॅडमनी वही बघून एवढंच विचारलं, "गर्भ किती वाढलाय, बघितलंस का?"

साधारण बाराव्या दिवशी पांढऱ्या बलकाची वाट ॲम्निऑनमध्ये उघडते. हा पांढरा बलक आत उतरतो, पाणी दाट होतं आणि गर्भ ते गिळू लागतो. माझे औषध दिलेले गर्भ लहान होते. कोंबडीच्या गर्भाच्या वाढीच्या, हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या 1951 च्या तक्त्यात या वयाची अवस्था पायाच्या मधल्या बोटाच्या आणि चोचीच्या लांबीवरून ठरवतात. पट्टी लावली तर ते दोन दिवस मागे निघाले. त्यांच्यात बलक अजून उतरलाच नव्हता!

मग महिनाभर पुन्हा सगळं केलं, यावेळी दिवस नाही तर बोट जुळवून. बोटं सारखी असलेल्या जोड्यांत प्रथिनांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. हार्मोनने पाण्यातून प्रथिनं काढली नव्हती, गर्भाचं घड्याळ मागे टाकलं होतं. प्रोजेक्टचं शीर्षक बदललं, आणि वहीतल्या त्या जुन्या वाक्यावर मी लाल पेनाने तारीख घालून रेघ मारली.